चाळीस टक्क्यांच्या खालची माणसं

काही प्रकरणांच्या फायली बंद होतात, पण ती डोक्यातून जात नाहीत. मावळातलं हे प्रकरण माझ्यासाठी तसलंच. नोकरीतली शेवटची काही वर्षं मी लोणावळ्याजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. खून पाहिले, दरोडे पाहिले, हायवेवर ट्रक अडवून लुटणारे पकडले. तरी कोणी विचारलं, साहेब तुमची सगळ्यात मोठी केस कोणती, तर मी हीच सांगायला बसतो. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, कारण हिच्यात ना रक्त आहे ना पिस्तूल. पण माझाही नाइलाज आहे. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही, ती माणसं अजून तिथंच राहतात.

आमच्या ठाण्याचा आठवडा इतरांपेक्षा उलटा चालायचा. शनिवार-रविवारी जग सुट्टीवर आणि आम्ही रस्त्यावर. मुंबई-पुण्याच्या गाड्या, घाटातली कोंडी, धबधब्याखाली बाटल्या घेऊन बसलेली पोरं, हरवलेली मुलं. सगळा स्टाफ बंदोबस्ताला. त्यामुळे कागदाचं काम सोमवारी. अशाच एका सोमवारी चहाच्या टपरीवर आमच्या नेहमीच्या खबऱ्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "साहेब, डोंगरावरच्या वाड्यांत लंगडेपणाचे दाखले विकत मिळायला लागलेत. सरकारचं अनुदान खातायत धडधाकट माणसं."

मी फारसं मनावर घेतलं नाही. पण त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या कार्यालयातून पत्र आलं. दिव्यांगांच्या जुन्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी चालू होती. जुने टक्के आणि नवे टक्के कॉम्प्युटरवर ताडून पाहिले होते. अनुदान मिळायला किमान चाळीस टक्के अपंगत्व लागतं. ज्यांचे टक्के फेरतपासणीत चाळीसच्या खाली घसरले, त्यांची यादी काढली होती, आणि त्यात आमच्या हद्दीतल्या डोंगरवाड्यांची नावं डोळ्यात भरण्याइतकी होती. या वाड्यांतल्या सगळ्यांचे अर्ज मळवलीकडच्या एकाच सेवा केंद्रातून भरलेले. दलालामार्फत बनावट प्रमाणपत्रं मिळवल्याचा संशय, चौकशी करून गुन्हा नोंदवावा, असं पत्रात होतं. अनुदान तर आधीच थांबवलं होतं.

दोन वाटांनी एकच बातमी आली की पोलिसाला ती खरी वाटायला लागते. पुढे कळलं की आमच्या खबऱ्याने ती त्याच कार्यालयातल्या एका शिपायाकडून ऐकली होती. म्हणजे बातमी एकच, ती फक्त दोनदा माझ्याकडे आली. नव्या अधिकाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो, साक्षीदार मोजण्याआधी ते एकाच घरचे आहेत का बघा.

सेवा केंद्रवाल्याला ठाण्यात बोलावलं. तिशी-पस्तिशीचा माणूस, शर्टाच्या खिशात तीन पेनं, आल्या आल्या रागावलेला. चौकशीची माझी एक साधी पद्धत होती. आवाज चढवायचा नाही, चहा द्यायचा आणि तीच हकिकत तीन वेळा सांगायला लावायची. खोटं बोलणारा माणूस प्रत्येक वेळी गोष्ट जरा सुधारून सांगतो, कोपरे घासून गुळगुळीत करतो. खरं बोलणारा मात्र दर खेपेला जास्त वैतागतो आणि गोष्ट आणखी वेडीवाकडी सांगतो. हा गडी तिसऱ्या खेपेला खुर्चीवरून उठलाच.

"साहेब, वरच्या वाड्यांना दुसरं केंद्रच नाही! माझ्याकडे नाहीतर कुठं जातील? फॉर्मचे जे काय ठरलेले पैसे आहेत तेवढे घेतो, म्हातारीकोतारी असली तर तेही घेत नाही. तुमच्या यादीत पहिलंच नाव त्या मावशीचं आहे. झाडावरून पडली, मांडीचं हाड वेडंवाकडं जुळलं. नवरा नाही, मूल नाही, भावाकडं राहते. त्या अनुदानावर ती त्या घरात मानानं जेवत होती. आता अनुदान बंद, आणि वर चोरीचा आळ. तुम्ही एकदा वर जाऊन तिला चालताना बघा. मग मला खुशाल आत टाका."

त्याला जाऊ दिलं. पण नुसत्या विश्वासावर फाईल बंद होत नसते. कागद सांगत होते की त्याच मावशीला डॉक्टरांनी फेरतपासणीत वीस टक्के दिले होते. सरकारी डॉक्टर, सरकारी शिक्का. वरून रोज फोन यायचा, गुन्हा दाखल झाला का? मी प्राथमिक चौकशी चालू आहे एवढंच सांगत होतो.

आणि मग एक मुलगी आली. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "साहेब, कोणी मॅडम आल्यात, आकड्यांचं काहीतरी म्हणतायत." तेव्हापासून आमच्या ठाण्यात तिचं नाव आकडेवाल्या मॅडम असंच पडलं. जिल्ह्याच्या कार्यालयात माहितीचं विश्लेषण करायला नेमलेली. वय सत्तावीस-अठ्ठावीस, पाठीवर बॅग, पायात शहरी सँडल. समोर बसली आणि प्रस्तावना न करता म्हणाली, "साहेब, ती यादी मी काढलीय. गुन्हा दाखल करायच्या आधी एकदा माझं ऐका, कारण त्या यादीवर माझाच विश्वास नाही."

इतक्या वर्षांत मी आपल्या कागदाची बाजू घेणारे अधिकारी रग्गड पाहिले होते. आपल्याच कागदावर संशय घेऊन पोलीस ठाण्यात आलेली ही पहिलीच. मी विचारलं, "तुम्हाला पाठवलं कोणी?"

"कोणी नाही. रजा टाकून आलेय. मी कारणं शोधा म्हणून यादी दिली होती, ती वाटेत आरोपींची यादी झाली."

मग तिने लॅपटॉप उघडला. मला त्यातलं काही कळेल अशी माझी अपेक्षा नव्हती, पण तिने ते असं सांगितलं की आमच्या हवालदारालाही कळलं असतं. "वरच्या वाड्यांच्या या नावांत डोळ्यांचं कोणी नाही. कानाचं नाही. हाताचं नाही. सगळी पायाची माणसं आहेत. आता तुम्ही सांगा, दलाल दाखले विकायला बसला तर काय विकेल? बहिरेपण विकेल, कमी दिसणं विकेल. ते पकडायला अवघड. लंगडेपण कशाला विकेल, जे दारातून आत येतानाच दिसतं?"

मी खुर्चीत सरळ झालो. अहो, हा तर तपासाचा प्रश्न होता, आणि तो माझ्या डोक्यात यायला हवा होता!

"बरं, डॉक्टर कडक असतील," मी म्हणालो.

"तेही पाहिलं. त्याच डॉक्टरांनी खालच्या गावांतली, बाजारपेठेतली पायाची माणसं तपासली. त्यांचे टक्के जवळपास होते तेवढेच राहिले. घसरलेत फक्त वरच्या वाड्यांतले. डॉक्टर तेच, आजार तोच, खोली तीच. फरक पडतोय तो माणूस कुठून आला यानं."

"कशामुळे?"

"ते आकड्यांत नाही," ती म्हणाली. "आकडे मला दारापर्यंत आणून सोडतात. आत जायला माणूस लागतो. म्हणून तुमच्याकडे आले."

खरं सांगतो, त्या पोरीबद्दल मला त्याच क्षणी आदर वाटला. आपल्याला काय कळतं हे सांगणारे पुष्कळ असतात. आपल्याला इथून पुढचं कळत नाही हे इतकं नेमकं सांगणारे फार थोडे.

बाईला आणि त्यातून दिव्यांग व्यक्तीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. कायदाच आहे तसा. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मी, एक महिला पोलीस शिपाई आणि मॅडम असे निघालो. भाजे गावापर्यंत गाडी गेली, पुढे पायवाट. मॅडमच्या सँडलनी पहिल्याच चढाला दगा दिला. आमची शिपाई हसून म्हणाली, "मॅडम, हे पण टाका तुमच्या कॉम्प्युटरमधी, वाडीला जायला बूट लागतात." मॅडम धापा टाकत म्हणाली, "टाकते ना. म्हणजे दवाखान्यात यायला त्यांना हेच उतरावं लागतं." ती चेष्टेतही हिशेब सोडत नव्हती.

वाडीत पोचलो तर मावशी अंगणात हिरडे निवडत बसलेली. पोलीस बघून आजूबाजूच्या घरांतली माणसं दारात आली. भाऊ कामावर गेलेला, भावजय चुलीपाशी. तिने आम्हाला आत बसायला घोंगडी टाकली. आम्ही आत बसलो आणि मी हाक मारली, "मावशी, या आत, दोन गोष्टी विचारायच्यात."

मावशीने जमिनीवर काठी रोवली. दोन्ही हातांनी ती धरून, डावा पाय ओढत, एकेक पाऊल टाकत उंबऱ्यापर्यंत आली. बघवत नव्हतं. उंबऱ्याशी थांबली, चपला काढल्या, काठी चपलांशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. मग चौकट धरली, पदर सारखा केला, आणि हसऱ्या चेहऱ्याने, भिंतीला हात लावत, चांगली चार पावलं चालून आत आली आणि खाली बसली. कपाळावर घाम डवरला होता. पण तुम्ही फक्त आतून पाहिलं असतं तर म्हणाला असतात, जरा लंगडते, बाकी ठीक आहे.

मी विचारलं, "मावशी, पाय कसा आहे?"

"बरं हाय सायब."

"दुखतो का?"

"न्हाई. देवाच्या दयेनं बरं हाय."

शेजारी मॅडम ताठ झाली होती. ती हळूच म्हणाली, "मावशी, काठी बाहेर का ठेवली?"

उत्तर चुलीकडून आलं. भावजय फणकाऱ्याने म्हणाली, "आता काय बाई इचारता! सायबासमूर काठी धरून बसत्यात व्हय? आमच्यात बैठकीला बसताना काठी-कोयता समदं भाईर, चपलांपाशी. काठी घिऊन आत आला त्यो भांडाय आला. ल्हान पोराला बी ठावं हाय."

"आणि दवाखान्यात?" मी विचारलं.

"तितं बी तसंच," मावशी म्हणाली. "डागदरसायब खुर्चीत बसल्याले. त्येंच्या म्होरं काठी कशी न्यायची? आमी समदी भाईर ठिवून गेलतो. सायब म्हनलं चालून दाखवा, दाखवलं. दुखतं का म्हनलं, म्हनलं न्हाई. येवढं मोठं मानूस, त्येंच्याफुडं रडगानं गायचं व्हय?"

"मग पहिल्या वेळेला टक्के जास्त कसे मिळाले?"

"तवा डागदर हितंच आलते की. शाळंच्या मैदानात, झाडाखाली. तितं कुटला उंबरा?"

मी मॅडमकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसतही होती. माझी अवस्था काही वेगळी नव्हती, फक्त अंगावर वर्दी होती. इतके दिवस आम्ही ज्यांना लबाड समजत होतो, ती माणसं उलट आपलं दुखणं लपवत होती, तेही समोरच्याचा मान राखण्यासाठी. आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांचं अनुदान बंद झालं होतं.

मावशीला मात्र आमच्या चेहऱ्यावरचं काही कळेना. ती घाबरून म्हणाली, "सायब, मी काय चोरी केली व्हय? पैसं गेलं तर गेलं. पर चोर म्हनू नगा. हितं ऱ्हायाचंय मला."

मी तिथंच गुन्ह्याचा विचार सोडला. उतरताना मॅडमला म्हणालो, "झालं, सुटलं तुमचं कोडं." तर ती म्हणते, "एका घरात पाहिलंय साहेब. बाकीच्यांचंही हेच कारण आहे असं मी इतक्यात लिहिणार नाही." मला क्षणभर रागच आला. वरिष्ठांचे फोन मला येत होते, तिला नाही. पण ती बरोबर होती. अर्धवट पुराव्यावर निर्दोष ठरवलेला माणूस पुढे परत अडकतो, हे मलाही ठाऊक होतं.

पुढच्या तपासणीच्या दिवशी यादीतल्या वाडीच्या माणसांना पुन्हा बोलावून घेतलं. रुग्णालयाचं नाव घेत नाही. तिथले तपासणी करणारे डॉक्टर जुने, अनुभवी, आणि पोलीस आलेले पाहून भडकलेले. "मी आयुष्यभर हाडं बघतोय. मला शिकवणार का आता कॉम्प्युटर?"

मी काही बोलणार इतक्यात मॅडम पुढे झाली. "सर, तुमची चूक आहे असं म्हणायला मी आलेच नाही. तुमच्याकडची बाकीची तपासणी इतकी सारखी आहे, म्हणूनच तर हा फरक मला दिसला. तुम्ही फक्त पाच मिनिटं बाहेर येता?"

डॉक्टर कुरकुरत उठले. बाहेर व्हरांड्यात वाडीची माणसं रांगेत उभी होती, भिंतीला हात लावून, खांबाला धरून. आणि दाराशी चपलांच्या ढिगाशेजारी काठ्याच काठ्या. एक बांबूची, एक बाभळीची, एक तर छत्रीचा मोडका दांडा होता. डॉक्टर एकेका काठीकडे बघत ढिगापर्यंत गेले. मग स्वतः वाकून एक काठी उचलली आणि म्हणाले, "ही कोणाची?"

मावशी पुढे सरकली. "माजी हाय सायब. वाटंत आली का? उचलते."

"नाही, उचलू नका. धरा. आणि हिच्यासकट चालून दाखवा मला."

"तुमच्या म्होरं?"

"मावशी, मी तुमच्या लेकासारखा. लेकासमोर धरता ना काठी?"

"लेकाम्होरं धरत्यात," मावशी म्हणाली आणि काठी घेतली.

त्या दिवशी त्या डॉक्टरांनी टेबल-खुर्ची व्हरांड्यात आणायला लावली. दुखतं का हा प्रश्न त्यांनी सोडूनच दिला. पाणी कोण भरतं, उकिडवं बसता येतं का, घरून इथपर्यंत कसे आलात, असं विचारत गेले, प्रत्येकाचा पाय मांडीपासून टाचेपर्यंत तपासत गेले. एवढा मानी माणूस, पण चूक दिसल्यावर त्याने ती मान्य करायला वेळ लावला नाही. मी त्यांना मनातल्या मनात सलाम ठोकला. वाडीतल्या बहुतेकांचे टक्के पुन्हा चाळीसच्या वर गेले. एक-दोघांचे नाही गेले, आणि मॅडमने तेही तसंच लिहिलं, त्यांच्यावर दया दाखवली नाही.

आणि गंमत पुढेच आहे. वाडीची माणसं बाजूला काढल्यावर तिच्या यादीत मोजकीच नावं उरली, सगळी शहराकडची. कानाचे आणि डोळ्यांचे दाखले घेतलेली. तिथं मात्र दलाल होता, खराखुरा, आणि तो आम्ही उचलला. वाडीच्या नावांवर घाईने गुन्हा नोंदवला असता तर तो आमच्याच गोंधळाआडून निसटला असता.

चौकशी अहवाल मी स्वतः लिहिला. वाडीच्या माणसांबाबत तक्रारीत तथ्य नाही. अनुदान पुन्हा सुरू झालं, सेवा केंद्रवाल्याला बोलावून चहा पाजला. म्हटलं, झालं काम. तर एक दिवस त्याच केंद्रवाल्याकडून मावशीचा निरोप आला. "पोलीस घरी आलतं ते समद्या वाडीनं बघितलं. मी चोर न्हाई ह्ये सांगाया बी तुमीच या. कागद कोन वाचतंय?"

रास्त होतं. मी वर्दी चढवली, मॅडमला फोन केला. ती या वेळी बूट घालून आली. वाडी अंगणात जमली. मी उभा राहून मोठ्याने सांगितलं की मावशीवरचा आळ खोटा होता, या वाडीतल्या कोणीही सरकारला फसवलेलं नाही, आणि हे सांगायला मी पोलीस म्हणून आलो आहे. माणसं माना हलवत होती. मावशी भावजयीकडे वळली.

"ऐकलंस का गं?"

"ऐकलं की. म्या कवा चोर म्हनलं तुमास्नी?"

"म्हनली न्हाईस," मावशी शांतपणे म्हणाली. "पर येवढे दिस भाकर वाढताना हात आवरत व्हतीस."

भावजय रडायलाच लागली. मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही दोघं बाजूला झालो, कारण ते आमचं काम नव्हतं.

त्या प्रकरणाने मला काय शिकवलं? पोलिसाला सवय असते खोटं शोधायची. समोरचा काय लपवतोय, एवढंच आम्ही बघतो. माणूस स्वतःचं दुःखही लपवतो आणि ते लपवण्यात त्याची अब्रू असते, हे मला त्या वाडीने शिकवलं. आणि कॉम्प्युटर माणसाला ओळखत नाही म्हणून त्याच्यावर तोंडसुख घेणाऱ्यांना मी आता थांबवतो. मावशीचं नाव यादीत घातलं ते कॉम्प्युटरने, खरं. पण तिला सोडवायला धावली तीही त्याच्यासमोर बसणारी मुलगी. ती नुसते आकडे काढून घरी गेली असती तरी तिला कोणी बोल लावला नसता.

वाडीतल्या त्या सभेनंतर मॅडम माझ्याबरोबरच खाली उतरली. गाडीपाशी आल्यावर एवढंच म्हणाली, "साहेब, तो भाकरीचा हात माझ्या आकड्यांत कुठेच नव्हता." महिन्याभराने तिच्या कार्यालयाकडून पुढची यादी आली. वर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, "या नावांबाबत फक्त शंका आहे. कोणीतरी घरी जाऊन भेटेपर्यंत यातल्या कोणाचंही अनुदान थांबवू नये." नोकरीत मी आदेश खूप वाचले आणि बहुतेक विसरलो. हा मला पाठ आहे.